‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ – पुन्हा पुन्हा बंद पडणाऱ्या सामाईक इंटरप्ट लाइनचे समस्या निवारण

संगणक सुरू होतो, तासन्‌तास सुरळीत चालतो आणि मग एकाएकी माऊस अडखळत सरकू लागतो, पेनड्राइव्हवर फाइल उतरवायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागतो किंवा नेटवर्कचा वेग पार कोलमडतो. लिनक्सचा लॉग उघडून पाहिला की त्यात ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ ही ओळ सापडते; अर्थ असा की सोळा क्रमांकाच्या इंटरप्ट लाइनवरून (आयआरक्यू), म्हणजे उपकरणे प्रोसेसरला हाक देतात त्या मार्गावरून, आलेल्या हाकांची कोणी दखल घेतली नाही. या ओळीशेजारीच ‘आयआरक्यूपोल’ हा पर्याय देऊन बूट करून पाहा अशी सूचना असते, खाली कॉल ट्रेसच्या अनेक ओळी असतात, मग ‘हँडलर्स’ या शीर्षकाखाली एक-दोन ड्रायव्हरांची नावे येतात आणि शेवटी ‘डिसेबलिंग आयआरक्यू १६’ असे लिहिलेले असते. रीबूट केले की सगळे पूर्ववत होते. पण काही तासांनी किंवा काही दिवसांनी पुन्हा तेच.

या संदेशावरची सर्वसाधारण प्रतिक्रिया म्हणजे हँडलर्सच्या यादीत ज्याचे नाव दिसते त्या उपकरणावर खापर फोडणे. यादीत यूएसबी कंट्रोलर दिसला की यूएसबीची उपकरणे बदलली जातात, नेटवर्क कार्ड दिसले की नवे कार्ड आणले जाते, आणि त्रास मात्र तसाच राहतो. हा प्रकार बहुतेक वेळा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा असतो. त्या यादीतील ड्रायव्हरांनी ‘हा इंटरप्ट माझ्या उपकरणाचा नाही’ असे सांगितलेले असते आणि बहुतांश वेळा ते खरेच सांगत असतात. ज्याने लाइन धरून ठेवली आहे ते उपकरण यादीबाहेरचे असण्याची शक्यता अधिक असते. खालील विवेचन या गृहीतकावर उभे आहे. ते एक्स-८६ प्रकारच्या संगणकावर चालणाऱ्या लिनक्सला धरून लिहिले असले, तरी बसच्या (उपकरणे जोडणाऱ्या मार्गाच्या) पातळीवर जे घडते ते इतर ऑपरेटिंग सिस्टिमांमध्येही तसेच घडते.

कर्नलने नेमके काय केले

एखाद्या लाइनवर इंटरप्ट आला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्या लाइनवर नोंदवलेले सर्व हँडलर, म्हणजे ड्रायव्हरांचे इंटरप्ट हाताळणारे भाग, एकामागून एक बोलावतो. प्रत्येक हँडलर आपल्या उपकरणाचे स्टेटस रजिस्टर (त्याची सद्यस्थिती सांगणारी नोंद) वाचतो आणि ‘हाताळला’ किंवा ‘माझा नव्हे’ असे उत्तर देतो. सर्वांनी ‘माझा नव्हे’ म्हटले तर तो इंटरप्ट बेवारस ठरतो. एखाद-दुसरा बेवारस इंटरप्ट कर्नल मनावर घेत नाही. लाइनवरच्या दर १,००,००० इंटरप्टांमागे तो हिशेब करतो आणि त्यांपैकी ९९,९०० पेक्षा अधिक बेवारस निघाले तरच लाइन बंद करतो. दोन बेवारस इंटरप्टांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त अंतर पडले की बेवारसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्यामुळे अधूनमधून येणारे किरकोळ बेवारस इंटरप्ट कितीही काळ साचले तरी ही मर्यादा ओलांडत नाहीत. संदेश आला याचा अर्थ लाइनवर सलग वादळ झाले होते, असाच घ्यावा.

लाइन बंद केल्यावर कर्नल तिच्यावरील उपकरणांना पूर्णपणे वाऱ्यावर सोडत नाही. एक टायमर लावून तो सेकंदातून दहा वेळा त्या लाइनवरचे हँडलर स्वतःहून चालवतो. माऊस अडखळतो पण थांबत नाही, फाइल उतरते पण रखडत उतरते, याचे कारण हेच आहे. जे काम इंटरप्ट येताच तत्क्षणी व्हायचे, ते आता टायमरच्या पुढच्या फेरीपर्यंत म्हणजे १०० मिलिसेकंदांपर्यंत ताटकळते. उपकरण बिघडल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात त्याची हाक पोहोचण्याचा मार्ग बंद झालेला असतो.

ही सुरक्षा ‘नोआयआरक्यूडीबग’ या बूट पर्यायाने काढून टाकता येते, आणि संदेश दिसेनासा होतो म्हणून तो उपाय सुचवलाही जातो. तो करू नये. अडकलेली लाइन बंद केली नाही तर प्रोसेसर हँडलरमधून बाहेर पडताच पुन्हा त्याच हँडलरमध्ये ओढला जातो आणि यंत्र रखडण्याऐवजी पूर्ण गोठते.

एका लाइनवर अनेक उपकरणे का असतात

१९८१ च्या मूळ आयबीएम पीसीमध्ये ८२५९ ही एकच इंटरप्ट कंट्रोलर चिप होती आणि तिला आठ लाइन होत्या. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये दुसरी चिप पहिलीच्या एका लाइनला जोडली गेली, त्यामुळे वापरायला पंधरा लाइन उरल्या. त्या काळच्या आयएसए बसवर इंटरप्ट एज-ट्रिगर्ड असत, म्हणजे लाइनची पातळी बदलण्याचा क्षण हाच संकेत मानला जाई. एका उपकरणाने पातळी उंचावून ठेवली असताना दुसऱ्याने हाक दिली तर नवा बदल दिसतच नसे आणि ती हाक हरवे. म्हणून आयएसएवर लाइन वाटून घेणे हे भरवशाचे काम नव्हते, आणि कार्डावरचे जंपर बदलत मोकळी लाइन शोधणे हा त्या पिढीचा नित्याचा उद्योग होता.

पीसीआय बसने हा प्रश्न मुळातून वेगळ्या रीतीने सोडवला. तिच्या आयएनटीए ते आयएनटीडी या चार इंटरप्ट लाइन लेव्हल-ट्रिगर्ड असतात आणि ओपन-ड्रेन पद्धतीने जोडलेल्या असतात. कोणतेही उपकरण लाइन खाली ओढू शकते, पण वर ढकलू शकत नाही. सर्वांनी सोडली तरच ती आपोआप वर जाते. जोवर एक जरी उपकरण सेवेची वाट पाहत असेल तोवर लाइन खालीच राहते, त्यामुळे कोणाचीही हाक हरवत नाही आणि एकाच तारेवर कितीही उपकरणे ठेवता येतात. मात्र याच गुणातून आपला त्रास जन्माला येतो. लाइन खाली ओढणाऱ्या उपकरणाची दखल घेणारा हँडलरच नसेल, तर ती सोडवणारे कोणी उरत नाही. प्रोसेसर हँडलरांची फेरी पूर्ण करतो, लाइन अजून खालीच असते, म्हणून लगेच पुढचा इंटरप्ट येतो, आणि १,००,००० चा आकडा गाठायला फार वेळ लागत नाही.

सोळाच क्रमांक इतक्या वेळा का दिसतो, यालाही कारण आहे. इंटेलच्या चिपसेटांमध्ये पीसीआयच्या लाइन आठ अंतर्गत मार्गांवरून आयओ-एपिकच्या (इंटरप्ट गोळा करून प्रोसेसरकडे पाठवणाऱ्या कंट्रोलरच्या) १६ ते २३ या प्रवेशांना जोडल्या जातात आणि त्यांपैकी पहिला मार्ग सोळावर येतो. ज्या उपकरणात एकच कार्य (फंक्शन) असते ते नियमाने आयएनटीए हीच लाइन वापरते. सगळी गर्दी एकाच प्रवेशावर होऊ नये म्हणून स्लॉटागणिक आणि ब्रिजागणिक लाइन फिरवून जोडण्याची पद्धत आहे, पण मदरबोर्डवरच्या कायमस्वरूपी उपकरणांची मांडणी अशी असते की सोळावर हमखास दोन-चार जण येतात.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये इंटरप्टची तार उरलेली नाही, परंतु जुन्या ड्रायव्हरांसाठी तिचा आभास कायम ठेवला आहे. उपकरण लाइन खाली ओढण्याऐवजी ‘असर्ट’ असा संदेश पाठवते आणि सोडण्याऐवजी ‘डिअसर्ट’ असा. वरच्या टोकाला, प्रोसेसरच्या बाजूला असलेला रूट कॉम्प्लेक्स या संदेशांचा हिशेब ठेवून आयओ-एपिककडे जणू खरी तार असल्यासारखी पातळी पोहोचवतो. तारेची पातळी कोणत्याही क्षणी मोजता येते. संदेश मात्र एकदाच येतो, आणि ‘डिअसर्ट’ वाटेत राहिला तर वरच्या टोकाच्या लेखी ती लाइन खालीच राहते, मग खालचे उपकरण केव्हाचे शांत झालेले का असेना. हा मुद्दा पुढे ब्रिजच्या संदर्भात लागेल.

एमएसआय (मेसेज सिग्नल्ड इंटरप्ट्स) ही तिसरी पद्धत पीसीआयच्या २.२ आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि पीसीआय एक्सप्रेसमध्ये इंटरप्ट देणाऱ्या उपकरणांना तिचा किंवा एमएसआय-एक्सचा आधार देणे बंधनकारक आहे. यात उपकरण ठरलेल्या पत्त्यावर ठरलेली संख्या मेमरीत लिहिल्यासारखी पाठवते आणि तेवढाच त्याचा इंटरप्ट असतो. वाटून घ्यायची लाइन नाही, अडकण्याजोगी पातळी नाही. एमएसआयमध्ये एका कार्याला ३२ पर्यंत आणि एमएसआय-एक्समध्ये २,०४८ पर्यंत स्वतंत्र इंटरप्ट मिळू शकतात.

संशयित

पहिला आणि सर्वांत सामान्य संशयित म्हणजे ड्रायव्हर नसलेले उपकरण. बूट होताना बायोसने (यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरने) एखादा कंट्रोलर वापरून तसाच जागा ठेवलेला असतो, किंवा ड्रायव्हर काढून टाकताना त्याने उपकरणाला शांत केलेले नसते, किंवा स्लीपमधून उठल्यावर उपकरण ड्रायव्हरच्या आधी जागे होते. क्रॅश झाल्यावर केडम्पसाठी (मेमरीची प्रत जतन करण्यासाठी) चढवला जाणारा दुसरा कर्नल तर अशा जाग्या उपकरणांच्या गर्दीतच जन्माला येतो. म्हणूनच केडम्पच्या बूट ओळीत ‘आयआरक्यूपोल’ हा पर्याय अनेकदा आधीपासून घातलेला आढळतो आणि तिथे तो योग्यही आहे.

दुसरा संशयित अधिक फसवा आहे. एखादे उपकरण एमएसआय वापरत असते, त्याचा इंटरप्ट वेगळ्याच क्रमांकाखाली नीट मोजला जात असतो, आणि तरीही हार्डवेअरमधील दोषामुळे ते सोबतीने जुनी सामाईक लाइनही खाली ओढते. सोळाच्या यादीत त्याचे नाव कधीच दिसत नाही, त्यामुळे कोणी त्याच्याकडे पाहतही नाही.

तिसरे कारण म्हणजे चुकीची मार्गनोंद. कोणत्या उपकरणाची कोणती लाइन आयओ-एपिकच्या कोणत्या प्रवेशावर येते हे कर्नलला एसीपीआयमधील (फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देण्याच्या मानकातील) पीआरटी या तक्त्यावरून कळते आणि तो तक्ता फर्मवेअर पुरवते. तो चुकला तर हँडलर एकोणिसावर बसलेला असतो आणि इंटरप्ट सोळावर येत असतो. याची खूण स्वच्छ असते: सोळावर वादळ, आणि ज्याचा ड्रायव्हर चढला आहे अशा दुसऱ्या एखाद्या उपकरणाचा आकडा शून्यावरून हलत नाही.

चौथा संशयित पीसीआय एक्सप्रेस आणि जुनी पीसीआय यांना जोडणारा ब्रिज. मदरबोर्डवर जुन्या कार्डांसाठी ठेवलेला पीसीआय स्लॉट अनेकदा अशा ब्रिजमागेच असतो. काही ब्रिज चिपा ‘डिअसर्ट’ संदेश अधूनमधून पाठवतच नाहीत. ताण असताना त्रास लवकर उद्भवतो आणि नसताना दिवसेंदिवस काही होत नाही, हे वर्तन ब्रिजच्या दोषाशी फार जुळते.

पाचवे कारण सर्व्हर वर्गातील जुन्या यंत्रांवर भेटते. काही चिपसेटांमध्ये आयओ-एपिकवरील प्रवेश मास्क केलेला (तात्पुरता बंद ठेवलेला) असताना इंटरप्ट आला तर तो बूट इंटरप्ट म्हणून मुख्य चिपसेटच्या जुन्या लाइनकडे वळवला जातो. आयओ-एपिक ओळखत नसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमांसाठी ही सोय होती. थ्रेडेड इंटरप्ट वापरणारा (हँडलरचे काम स्वतंत्र थ्रेडमध्ये करणारा) कर्नल, विशेषतः रिअल-टाइम कर्नल, हँडलरचा थ्रेड पूर्ण होईपर्यंत लाइन मास्क करून ठेवतो, आणि तेवढ्यात त्याच उपकरणाचा इंटरप्ट सोळा ते एकोणीसपैकी एखाद्या असंबद्ध लाइनवर उगवतो.

ड्रायव्हरमधील सरळ चूकही अर्थातच शक्य आहे, पण मुख्य कर्नलमध्ये रुळलेल्या ड्रायव्हरांबाबत तो संशय सर्वांत शेवटी घ्यावा. एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. उपकरणाला ‘इंटरप्ट मिळाला, लाइन सोड’ असे लिहून कळवले तरी ते लेखन बसवरील बफरांमध्ये काही काळ रेंगाळू शकते, आणि तोवर प्रोसेसर हँडलरमधून बाहेर पडला तर लाइन अजून खालीच दिसून एक फुकटचा इंटरप्ट येतो. यामुळे एकटेदुकटे बेवारस इंटरप्ट येतात, वादळ होत नाही; त्यामुळे या पोस्टच्या मुख्य लक्षणाचे कारण म्हणून त्याच्याकडे बोट दाखवू नये.

शोध कसा घ्यावा

लॉगमधील पहिली घटना शोधावी, तिची वेळ आणि हँडलर्सची यादी जपून ठेवावी. कॉल ट्रेसचा अभ्यास करण्यात वेळ घालवू नये. वादळ मर्यादेला पोहोचले त्या क्षणी प्रोसेसर योगायोगाने काय करत होता एवढेच त्यातून कळते, आणि बहुधा तो काहीच करत नसतो. वेळेचा मात्र उपयोग होतो, कारण त्याच्या मागच्या-पुढच्या ओळींत स्लीपमधून उठणे, एखादा मॉड्यूल (हवा तेव्हा चढवता-काढता येणारा ड्रायव्हर) काढणे किंवा नवे उपकरण जोडणे अशी नोंद असेल तर अर्धा शोध तिथेच संपतो.

त्यानंतर ‘प्रॉक’ डिरेक्टरीतील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडून सोळाची ओळ पाहावी. तिच्यात प्रत्येक प्रोसेसरगणिक आकडे, मग आयओ-एपिकचे नाव, ‘१६-फास्टईओआय’ अशी खूण आणि शेवटी त्या लाइनवर नोंदलेल्या ड्रायव्हरांची नावे असतात. कर्नल दर लाखाने हिशेब करत असल्यामुळे बंद पडलेल्या लाइनची बेरीज सहसा एक लाखाच्या पटीच्या आसपास थांबलेली दिसते. एरवी जेमतेम काही शे इंटरप्ट देणाऱ्या कंट्रोलरसमोर लाखाचा आकडा गोठलेला दिसणे हा वादळाचा ठसाच आहे. त्याच ‘प्रॉक’मध्ये ‘आयआरक्यू’ या डिरेक्टरीखाली सोळाच्या नावाची डिरेक्टरी असते आणि तिच्यात ‘स्प्युरियस’ नावाची छोटी फाइल असते. एकूण मोजणी, बेवारसांची मोजणी आणि शेवटचा बेवारस इंटरप्ट केव्हा आला हे तिच्यातील तीन ओळी सांगतात.

खरा पुरावा मात्र ‘एलएसपीसीआय’ ही पीसीआय उपकरणांची माहिती देणारी आज्ञा रूटच्या अधिकाराने आणि ‘-व्हीव्ही’ पर्यायासह चालवल्यावर मिळतो. इथे जवळजवळ प्रत्येकजण फसतो ती जागा आधी सांगणे आवश्यक आहे. ‘पिन ए राउटेड टू आयआरक्यू १६’ असे लिहिलेली उपकरणे शोधून तेवढीच संशयितांची यादी मानली, तर नेमके गुन्हेगारच यादीबाहेर राहतात. ज्या उपकरणाला ड्रायव्हर लागलेला नाही त्याचे मार्गनिर्धारण कर्नलने केलेलेच नसते, त्यामुळे तिथे बायोसने रजिस्टरमध्ये लिहून ठेवलेला दहा, अकरा किंवा २५५ असा एखादा क्रमांक दिसतो. जे उपकरण एमएसआय वापरते त्याच्यासमोर एमएसआयचा क्रमांक दिसतो. दोघांचीही सामाईक लाइन प्रत्यक्षात सोळावर जात असू शकते. ड्रायव्हर नसलेल्या उपकरणांचे खरे क्रमांक पाहायचे असतील तर एकदा ‘पीसीआय=राउटआयआरक्यू’ हा पर्याय देऊन बूट करावे, म्हणजे कर्नल बूटच्या वेळीच सर्व उपकरणांचे मार्ग ठरवतो.

आता प्रत्येक उपकरणाच्या माहितीत दोन खुणा शोधाव्यात. ‘कंट्रोल’ या ओळीच्या शेवटी ‘डिसआयएनटीएक्स’ असते आणि ‘स्टेटस’ या ओळीच्या शेवटी ‘आयएनटीएक्स’. दोन्हींपुढे अधिक किंवा उणे चिन्ह असते. या खुणा पीसीआय २.३ पासूनच्या उपकरणांत असतात. ‘आयएनटीएक्स+’ याचा अर्थ उपकरणाच्या पोटात इंटरप्ट प्रलंबित आहे, आणि ‘डिसआयएनटीएक्स-’ याचा अर्थ त्याला लाइन ओढण्याची मुभा आहे. दोन्ही एकत्र दिसले तर ते उपकरण या क्षणी लाइन खाली ओढून बसले आहे. ‘डिसआयएनटीएक्स+’ असताना ‘आयएनटीएक्स+’ दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, कारण आतली प्रलंबित स्थिती लाइनपर्यंत पोहोचत नसते.

ही तपासणी लाइन बंद पडल्यानंतर, रीबूट न करता करावी. गुन्हेगार उपकरणाला शांत करणारे कोणी नसल्यामुळे ते अजूनही लाइन धरून बसलेले असते आणि खूण कायम दिसते. निरपराध उपकरणेही क्वचित ‘आयएनटीएक्स+’ दाखवतील, कारण त्यांची सेवा आता सेकंदातून दहाच वेळा होते. म्हणून आज्ञा लागोपाठ अनेकदा चालवावी आणि जिथे अधिक चिन्ह एकदाही हटत नाही ते उपकरण पकडावे. एकही उपकरण लाइन ओढताना दिसले नाही, तरी लाइन पुन्हा सुरू करताच वादळ परत येत असेल, तर संशय ब्रिजवर किंवा बूट इंटरप्टवर जातो. ‘-टी’ पर्यायाने येणारी वृक्षाकृती मांडणी पाहिली की सोळावरची कोणती उपकरणे ब्रिजमागे आहेत हे लगेच कळते. फार जुन्या कार्डांमध्ये ही स्थितीदर्शक खूण नसते, त्यामुळे ब्रिजमागील जुने कार्ड काढून पाहिल्याशिवाय दोष ब्रिजचा की कार्डाचा हे ठामपणे सांगता येत नाही.

लाइन पुन्हा सुरू करण्यासाठी रीबूट लागत नाही, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. बंद केलेल्या सामाईक लाइनवर नवा हँडलर नोंदला गेला की कर्नल मोजणी शून्यावर आणून तिला आणखी एक संधी देतो. त्यामुळे सोळावरील एखाद्या निरुपद्रवी उपकरणाचा ड्रायव्हर ‘अनबाइंड’ करून (उपकरणापासून सोडवून) पुन्हा ‘बाइंड’ केला की लाइन जिवंत होते. सोळावर दोन ड्रायव्हर असतील तर दुसऱ्याला धक्का न लावता पहिला काढून घालता येतो. यामुळे प्रयोगांचा वेग कमालीचा वाढतो.

संशयिताची खात्री करण्याची सर्वांत थेट रीत अशी: ‘सेटपीसीआय’ या आज्ञेने त्या उपकरणाच्या कमांड रजिस्टरमधील दहावा बिट, म्हणजे षोडशमान पद्धतीत ४०० हे मूल्य, चालू करावा. यामुळे ‘डिसआयएनटीएक्स’ अधिक होते आणि उपकरणाला लाइन सोडावी लागते. मग वरील युक्तीने लाइन पुन्हा सुरू करावी. वादळ आले नाही तर गुन्हेगार सापडला. हा प्रयोग ड्रायव्हर नसलेल्या किंवा एमएसआय वापरणाऱ्या उपकरणावरच करावा, कारण जे उपकरण खरोखर सामाईक लाइनवर काम करते त्याचा इंटरप्ट यामुळे पूर्ण बंद होतो. रजिस्टर लिहिताना इतर बिटांना हात लागणार नाही अशा रीतीने मास्क (कोणते बिट बदलायचे हे सांगणारी संख्या) द्यावा, आणि उपकरणाचा बस-पत्ता दोनदा वाचून मगच एंटर दाबावे.

उपाय

ड्रायव्हर नसलेले उपकरण सापडले तर त्याचा ड्रायव्हर चढवावा, आणि ते वापरायचेच नसेल तर फर्मवेअरच्या सेटअपमध्ये बंद करावे. सेटअपमध्ये सोय नसेल तर वरील ‘सेटपीसीआय’ची आज्ञा प्रत्येक बूटच्या वेळी लवकर चालेल अशी व्यवस्था करावी, हा उपाय दिसायला ओबडधोबड असला तरी कायमस्वरूपी चालतो. एमएसआयसोबत लाइनही ओढणाऱ्या उपकरणालाही तोच लागू पडतो, पण काही थोड्या चिपांमध्ये हा बिट चालू केला की एमएसआयसुद्धा थांबतो, म्हणून नंतर त्या उपकरणाचा आकडा वाढतो आहे ना हे पाहावे.

निरपराध उपकरणांना सामाईक लाइनवरून उठवून एमएसआयवर नेणे हा दुसरा भक्कम उपाय आहे. ‘एलएसपीसीआय’च्या माहितीत ‘एमएसआय: इनेबल-’ दिसत असेल तर उपकरण ती पद्धत जाणते पण ड्रायव्हर वापरत नाही. इंटेल एचडी ऑडिओच्या ड्रायव्हरसारख्या काहींना त्यासाठी मॉड्यूलचा पर्याय असतो. त्याआधी बूटची ओळ एकदा वाचावी. कधीकाळी दुसऱ्याच एखाद्या त्रासावर तोडगा म्हणून ‘पीसीआय=नोएमएसआय’ लिहिलेले असते आणि ते तिथेच विसरले जाते; मग सगळी आधुनिक उपकरणेही त्या चार-आठ लाइनांवर दाटीवाटीने येऊन बसतात. हा पर्याय काढणे एवढ्यानेच प्रश्न मिटल्याची उदाहरणे कमी नाहीत.

मार्गनोंद चुकलेली असेल तर फर्मवेअर अद्ययावत करणे हाच सरळ रस्ता. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवल्याने त्याची लाइन बदलते आणि त्याच्यामुळे बाकीच्यांना होणारा त्रास टळू शकतो. मात्र तो दोष दूर झाल्याचा पुरावा मानू नये. ब्रिज ‘डिअसर्ट’ गाळत असेल तर सॉफ्टवेअरने त्याचे हार्डवेअर सुधारत नाही. त्या स्लॉटमधील जुने कार्ड काढून पीसीआय एक्सप्रेसचे कार्ड वापरावे, आणि जुन्याशिवाय गत्यंतर नसेल तर निदान त्या लाइनवर दुसरे महत्त्वाचे उपकरण राहणार नाही असे पाहावे. बूट इंटरप्टच्या बाबतीत कर्नलमध्ये अनेक चिपसेटांसाठी आधीच दुरुस्ती आहे; ती बंद करणारा ‘पीसीआय=नोआयओएपिकक्विर्क’ हा पर्याय कुठे लिहिलेला नाही ना हे तपासावे आणि संबंधित उपकरण शक्य तर एमएसआयवर न्यावे.

संदेशात सुचवलेला ‘आयआरक्यूपोल’ हा पर्याय मी सर्वांत शेवटी ठेवतो. त्याचा धाकटा भाऊ ‘आयआरक्यूफिक्सअप’ बेवारस इंटरप्ट आला की इतर सर्व लाइनांवरील हँडलरांनाही विचारतो. ‘आयआरक्यूपोल’ त्याखेरीज प्रत्येक टायमर इंटरप्टला अशी फेरी मारतो. मार्गनोंद चुकलेली असेल तर दोन्हींनी यंत्र चालू राहते, पण त्याची किंमत प्रोसेसरचा वेळ आणि वाढलेली दिरंगाई या रूपात सतत मोजावी लागते. ज्या उपकरणाला कुठेच हँडलर नाही त्याच्यापुढे तर दोन्ही हतबल असतात, कारण विचारायला कोणी नसतेच.

व्हर्च्युअल मशीनला पीसीआय उपकरण थेट देणाऱ्यांना याच सामाईकपणाचा वेगळा फटका बसतो. यजमान (खऱ्या यंत्रावरील) कर्नलला पाहुण्याने (व्हर्च्युअल मशीनने) इंटरप्ट हाताळेपर्यंत लाइन शांत ठेवावी लागते. उपकरणात ‘डिसआयएनटीएक्स’ची सोय असेल तर तेवढेच उपकरण गप्प करता येते, नसेल तर संपूर्ण लाइन मास्क करावी लागते आणि म्हणून ती त्याच्या एकट्याच्या मालकीची असावी लागते. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ अशी तक्रार आली की सोळाच्या ओळीवरील दुसरा ड्रायव्हर काढून पाहावा.

विंडोजमध्ये असा बोलका संदेश मिळत नाही, पण डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून संसाधनांनुसार मांडणी निवडली की इंटरप्टांची यादी दिसते. तिथे ऋण क्रमांक असलेली उपकरणे एमएसआयवर असतात आणि एकाच धन क्रमांकाखाली अनेक नावे असतील तर ती लाइन सामाईक असते.

स्वतः ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हँडलरमधून सरसकट ‘हाताळला’ असे उत्तर देण्याचा मोह टाळावा. संदेश बंद होतो हे खरे, पण कर्नलची मोजणी आंधळी होते आणि शेजारच्या उपकरणाचे वादळ आपल्या ड्रायव्हरच्या आडोशाला लपते. हँडलर नोंदवण्यापूर्वी आणि काढण्यापूर्वी उपकरण शांत केलेले असावे. कर्नलचा ‘डीबग शेअर्ड आयआरक्यू’ हा बिल्ड पर्याय सामाईक हँडलर काढताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देऊन ही तयारी तपासतो.

दुरुस्ती लागू पडली की नाही हे रीबूटनंतर माऊस नीट चालतो यावरून ठरवू नये, कारण रीबूटनंतर तो दुरुस्तीशिवायही नीटच चालत होता. ज्या परिस्थितीत त्रास उद्भवत असे, म्हणजे स्लीपमधून उठणे, त्या कार्डावर सलग ताण देणे किंवा संबंधित मॉड्यूल काढून घालणे, ती मुद्दाम घडवावी आणि प्रत्येक वेळी सोळाच्या डिरेक्टरीतील ‘स्प्युरियस’ फाइल वाचावी. बेवारसांचा आकडा शून्यच हवा असा आग्रह नको. सामाईक लाइनवर तुरळक बेवारस इंटरप्ट निरोगी यंत्रातही येतात. दोन वाचनांमधील एकूण मोजणीतली वाढ आणि बेवारसांतली वाढ एकसारखी दिसू लागली, तर मात्र कर्नल लाइन बंद करण्याची वाट न पाहता लगेच ‘एलएसपीसीआय’ चालवून ‘आयएनटीएक्स+’ कोणासमोर आहे ते टिपून घ्यावे.